दारातला मुका

"प्यायची इच्छा होते तेव्हा काय करता?" सरकारी वकीलबाईंनी विचारलं.

रॉइस टॉलिव्हरने टायची गाठ सैल केली. लग्नातला टाय, आता गळ्याला काचत होता. बायको, डेलिया, बाहेर बाकावर बसली होती. साक्षीदाराला आपली पाळी येईपर्यंत आत सोडत नसत.

"बाईसाहेब, आमची बस पुलाअलीकडे नेमकी बारसमोर थांबते. तिथं मी बायकोच्या मुक्याची आठवण काढतो."

न्यायाधीशांनाही हसू आलं.

"हसू नका, साहेब. बारा वर्षांच्या संसारात ती कधी दारात आली नव्हती. दुसऱ्यांदा दारू पिऊन गाडी चालवताना पकडला गेलो, तेव्हापासून रोज येते. माझा चेहरा धरते, डोळे मिटते, खोल श्वास घेते आणि मुका घेते. जशी काही दिवसभर माझीच वाट बघत होती. चौदा महिन्यांत एक दिवस चुकला नाही. तो मुका बुडवायचा नाही, एवढंच मला कळतं."

व्हर्जिनियाच्या एका गोदीत रॉइसने एकवीस वर्षं पाणबुड्यांचं वेल्डिंग केलं होतं. पहिल्यांदा पकडला गेला तेव्हा समज देऊन सोडलं. दुसऱ्यांदा गाडी शेजाऱ्याच्या कुंपणात घुसली आणि त्याचा गोपनीय कामाचा परवाना अडकला. परवान्याशिवाय पाणबुडीच्या आसपासही फिरकता येत नाही. तेव्हापासून तो फाटकाबाहेरच्या गोदामात हातमोजे वाटत होता. आज परवान्याच्या या सुनावणीत निकाल विरुद्ध गेला, तर तेही संपलं.

समुपदेशकाची पत्रं होती, रक्ताचे अहवाल होते. वकीलबाईंनी ते बाजूला सारले. "सोडली, असं मागच्या वेळीही म्हणाला होतात."

मग डेलियाला आत बोलावलं. शपथ झाली.

"नवरा पीत नाही, हे इतक्या खात्रीने कसं सांगता? तो म्हणतो म्हणून?"

"तो म्हणतो म्हणून?" डेलिया म्हणाली. "अहो, पुदिन्याच्या गोळ्या चघळत चर्चमध्ये माझ्या शेजारी बसलेला माणूस आहे तो! नाही, मी वास घेते. रोज. दारातच."

"तो घेऊ देतो?"

"त्याला कुठे माहीत आहे." ती रॉइसकडे न बघता म्हणाली, "मी मुका घेते."

या वेळी कोणी हसलं नाही. न्यायाधीशांनी चष्मा काढला आणि उगाच पुसत बसले.

"मला आणखी काही विचारायचं नाही," वकीलबाई हळूच म्हणाल्या.

"लेखी निकाल मागाहून येईल," न्यायाधीश म्हणाले. "पण आजच सांगून टाकतो, टॉलिव्हर. परवाना तुम्हाला परत मिळेल."

घरी जाताना डेलिया गाडी चालवत होती आणि मनगटाने डोळे पुसत होती.

"मी काही वावगं बोलले का रे?"

"नाही गं. तुझ्यामुळेच तर मिळाला."

आपण आत काय बोललो, ते त्याने सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो बसमधून उतरून घरी आला. डेलिया दारात होती. आज तिने ओठांना लाली लावली होती. तिने त्याचा चेहरा धरला, डोळे मिटले.

रॉइस वाकला. तोंड उघडून त्याने तिच्या नाकाशी सावकाश श्वास सोडला, डॉक्टरांसमोर सोडावा तसा.

तेव्हा त्याला दिसलं, डेलियाने आज श्वास रोखून धरला होता.