जावयाची भूक

"एक धोंडा तरी खा, पाव्हणं. सासू हाय मी, वैरीण न्हाई," सिंधूबाई म्हणाली.

शिवहारने ताट सरकवलं. अधिक महिन्यात लेक-जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे तुपात बुडवून वाढायचे, ही रीत. आणि हा बाबा कुरुंद्यापर्यंत येऊन तुपाला बोटही लावत नव्हता.

तोंड उतरलेलं, दारातून आत येईस्तोवर धाप लागलेली. अंगठी मिळाली नाही म्हणून फुगलाय मेला, असं सिंधूबाईने ठरवून टाकलं.

"भूक न्हाई," तो म्हणाला. "माझं सोडा. तुमची म्हैस बघा, कशी आटोक्यात आणली."

म्हैस म्हणजे त्याची बायको, दिपाली. लग्नाला वर्ष होत नाही तोच ती निम्मी झाली होती. वारंगा फाट्यावर शिवहारचं मेडिकल होतं. भूक मारायच्या गोळ्या बाजारात बंद झाल्या, तर उरलेले डबे या शहाण्याने बायकोसाठी ठेवून घेतले.

"मेंदूत सेरोटोनिन वाढतं," तो ऐटीत म्हणाला. "पोट भरलं म्हणून गोळी मेंदूला खोटंच सांगते."

"वसमतचे डॉक्टर म्हणले, ह्यानं काळजाच्या झडपा खराब होतेत."

"मग ठेवून घ्या लेकीला. मला थुलथुलीत बायको नको."

सिंधूबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण लेकीच्या संसाराकडे पाहून तिने नुसतं त्याचं ताट उचललं.

त्याने खिशातून गोळी काढून दिपालीच्या हातावर ठेवली. "पाण्यासंग घे. आन् येताना माझा चहा आण."

स्वयंपाकघरात सिंधूबाईने लेकीचं मनगट धरलं. "फेक ती. इथंच ऱ्हा. मरशील गं लेकरा."

दिपालीने टोपल्यातला धोंडा उचलला आणि दोन घासांत संपवला. मग दुसरा. मग तिसरा.

"तिकडं अर्धीच भाकर देतेत," ती म्हणाली.

सिंधूबाई बघतच राहिली. "गोळ्या खाऊन एवढी भूक?"

"मी कुठं खाते."

बाहेर ओट्यावर शिवहार खोकत होता, मध्येच छाती धरून दम घेत होता.

दिपालीने मूठ उघडली, गोळी चमच्याने चुरली आणि नवऱ्याच्या कपात टाकली.

"साखर जास्त टाक, आई. सहा महिने झाले, मी तसाच देते. गोळी कडू असती."

सिंधूबाईने एकदा ओट्याकडे पाहिलं आणि साखरेचा डबा पुढ्यात ओढला.