थांब्यावरचा द्रोण

दुसरी बसही न थांबता निघून गेली. बसला ड्रायव्हर नव्हता. थांब्यावर कचरा दिसला की ती थांबतच नसे.

लोकांनी कप, कागद, विड्यांची थोटकं, सगळं उचललं होतं. उरला होता खांबाशी ठेवलेला द्रोण. त्यात दहीभात आणि कुंकू लावलेलं लिंबू.

"अहो, उचला ना कुणीतरी! ड्युटी चुकेल माझी," नर्स इंदुताई करवादल्या.

"तुम्हीच उचला की!" मागून कुणीतरी म्हणालं. इंदुताई दोन पावलं मागे सरल्या.

वैजूच्या खांद्यावर चार वर्षांची ओवी तापानं फणफणली होती. आता तर ती डोळेही उघडेना. तेवढ्यात वळणावर तिसरी बस दिसली.

"धरा हिला," म्हणत वैजूनं लेकीला इंदुताईंकडे दिलं आणि द्रोण उचलून पदराखाली घेतला.

बस थांबली. सगळे घाईघाईनं चढले.

"अगं, कुणाची पीडा अंगावर घेतलीस?" इंदुताईंनी विचारलं.

"हिचीच. पहाटे मीच उतरवून ठेवली होती."

ओवीनं डोळे किलकिले करून आईकडे हात पसरले. वैजू तिला न घेताच, पदराखालचा द्रोण सावरत, दूर मागच्या सीटवर जाऊन बसली.