गाडी पार झाली

"आधी आईला जेवू घाल, मग काय सांगायचं ते सांग." ट्रक घेऊन निघताना बाबा दर खेपेला हेच बजावायचे. दर्शना हसून हो म्हणायची.

सीमेवरच्या ट्रकांची रांग लावणाऱ्या अंधेरीच्या ऑफिसात तिच्यासमोर पडद्यावर त्या ट्रकचा ठिपका आत्ताच हिरवा झाला होता. हिरवा म्हणजे सीमा ओलांडून नेपाळात. तीन दिवस तो लाल होता, रांगेत अडकलेला. पार नेला तो बदली ड्रायव्हरने. तिचे बाबा, दत्ताराम, सकाळीच गेले, रांगेत, स्टिअरिंगवर डोकं टेकून.

मागच्या गाडीवाल्याने फोनवर सांगितलं, "कालपासून छातीत कळ होती. दवाखाना समोर दिसत होता. जाऊन या म्हटलं, तर म्हणे, गाडी सोडली की नंबर जातो. पोरीच्या ऑफिसचा नियम, तो मीच मोडू?"

दोन्ही देशांच्या बैठकीत ठरलेला नियम. रांगेत घुसखोरी फार व्हायची, म्हणून. ड्रायव्हर गाडीपाशी नसेल तर क्रमांक रद्द. मसुदा दर्शनानेच टाइप केला होता. आजारी माणसाला सूट असावी, असं ती हळूच म्हणालीही होती. साहेब हसले. "मग सगळेच आजारी पडतील." तिने मसुदा तसाच छापायला दिला.

मुलुंडला घरी तिची आई रेवती तीन दिवस उपाशी होती. नवऱ्याची गाडी रांगेत लागली की सीमेपार गेल्याशिवाय ती अन्नाला शिवत नसे. चहा, फार तर एखादं केळं. लग्नापासूनचा नेम. दत्ताराम चिडवायचे, "गाडी डिझेलवर चालते गं, तुझ्या उपासावर नाही."

दर्शना घरी पोचली तेव्हा आई देवापाशी बसली होती.

"आई, गाडी पार झाली." खोटं काहीच नव्हतं त्यात. आवाजही नीट निघाला. "जेवून घे आता."

बाबांचा फोन का नाही आला, असं रेवतीने विचारलं नाही. ती उठली. हात धुऊन ताटासमोर येऊन बसली.

"सकाळीच कळवलं मला त्यांच्या मालकाने," ती म्हणाली. "पण दर खेपेला तू दारात त्यांना हो म्हणायचीस, ते आतून ऐकायचे मी. वाढ."

दर्शनाने भाताचं पातेलं पुढे ओढलं.