जसंच्या तसं

तिसऱ्यांदा नाव पुकारलं तेव्हा तानूबाई उठली. सुनावणी सकाळी दहाची, साहेब उगवले साडेअकराला, आणि नदीकाठच्या लोकांची पाळी आली दुपारी दोनला. तोवर भूगावच्या त्या मंगल कार्यालयात सगळ्यांना पडद्यावर मासे दाखवून झाले होते. मासे, पक्षी, पाण्यातलं गवत. धरणातून पाणी सोडल्यावर कुणाकुणाचं काय होतं, त्याचा म्हणे पर्यावरण आढावा. त्या यादीत माणूस नव्हता.

प्रस्ताव साधा होता. पाणी सोडायची आहे तीच पद्धत पुढची पाच वर्षं चालू ठेवावी. आहे तीच म्हणजे कोणती, ते तानूबाईला विचारा. गेल्या श्रावणात भर दुपारी, लख्ख ऊन पडलेलं असताना वरून पाणी सोडलं. ना भोंगा, ना दवंडी. तिचा नवरा कुशाबा तेव्हा मेंढरं घेऊन पात्रातल्या बेटावर होता. तेवीस मेंढरं गेली. कुशाबा तिसऱ्या दिवशी सापडला.

आता त्याच काठाला तिची सून रंभाबाई कळप नेते. न्यावाच लागतो, बाकी सगळीकडे प्लॉटवाल्यांच्या तारा. तानूबाईला एकच गोष्ट हवी होती. पाणी सोडायच्या तासभर आधी काठावर भोंगा वाजावा, बस्स.

नात समीक्षा लवळ्याला कॉलेजच्या कँटीनमध्ये कामाला, ती खाडा करून बरोबर आली होती. शिव्या द्यायच्या नाहीत, मुद्द्याचं बोलायचं, असं तिनं आजीला वाटेत दहा वेळा बजावलं होतं. साहेबांनीही सुरुवातीलाच सांगितलं होतं, की घाबरू नका, माईकवर बोला, सगळं रेकॉर्ड होतंय. जो जे बोलेल ते जसंच्या तसं अहवालात येईल. एवढं मात्र तानूबाईला पटलं होतं. निदान कुणी मधे आपल्या पदरचं घुसडणार नाही.

कर्मचाऱ्यानं तिच्या तोंडापुढं माईक धरला. तिनं तो हातानं बाजूला सारला.

“ह्यो कशाला? ह्या काठावरनं हाक मारून त्या काठची मेंढरं वळवलीत म्या.”

आणि बोलली. काय बोलली! मागं चहा पीत उभे होते त्यांचे कप हातातच राहिले. माशांची अंडी मोजायला तुमच्याकडं माणूस हाय, मग माणसं मोजायला का न्हाई, असं तिनं विचारलं. दरवाजे उघडणाऱ्याला भोंग्याचं एक बटण दाबायला जड जातं व्हय, असं विचारलं. पंचनाम्यात कुशाबाचाच ‘निष्काळजीपणा’ लिहिणाऱ्याचा तर तिनं सात पिढ्यांसकट उद्धार केला. समीक्षानं पदर ओढून पाहिला, पण ऐकतंय कोण. वर्षभर गिळलेलं सगळं बाहेर पडत होतं.

“लई मागत न्हाई,” शेवटी ती म्हणाली. “एक भोंगा द्या. म्हातारा पळाला असता माझा. पाय धड होतं त्याचं.”

भूगावच्या फ्लॅटवाल्यांनीच आधी टाळ्या वाजवल्या. साहेबही, खोटं कशाला बोला, हलले होते. स्वतःचा माईक घेऊन ते व्यासपीठावरून खाली उतरले, तिच्यापुढं येऊन उभे राहिले. आमची मान खाली गेली, म्हणाले. मग माईक खाली धरून हळू आवाजात विचारलं,

“आजी, तुमचं नाव गावासकट अहवालात छापलं तर चालेल ना?”

आणि माईक तिच्यापुढं केला.

तानूबाईचा राग काही उतरला नव्हता. पण इतक्या अदबीनं विचारणाऱ्याला कुठं तोडून बोलायचं. “हरकत न्हाई,” ती म्हणाली.

घरी गेल्यावर तिनं रंभाबाईला सांगितलं, भोंगा येणार. साहेब पाया पडायचाच बाकी होता.

तीन महिन्यांनी अहवाल ग्रामपंचायतीत आला. समीक्षानं तो घरी आणून आजीपुढं उघडला. माशांना चाळीस पानं होती. मग माणसं लागली. पान एकशे बारावर आजीचं नाव सापडलं, वाडी आणि तालुक्यासकट, एका काना-मात्रेची चूक नाही. पुढच्या रकान्यात, आहे तीच पद्धत चालू ठेवण्याबद्दल तिचं म्हणणं, माईकवर आलं तेवढं सगळं जसंच्या तसं उतरवलेलं : ‘हरकत न्हाई.’