शून्याच्या डावीकडचे

१७ जून, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटे. परीक्षा केंद्राच्या पायऱ्यांवर एकोणीस उमेदवार बसले होते. त्यांपैकी एकीची शिकवणी अजून चालू होती. ती पाणीपुरवठा केंद्रातली मदतनीस होती. शिकवणारी तिची दहावीतली मुलगी.

पंपचालकाच्या पदासाठी गणितात पस्तीस गुण आवश्यक होते. परीक्षेला तीनदाच बसता येत असे. ही तिसरी वेळ.

मुलीने पायरीवर खडूने लिहिले : क्षचा वर्ग पाच क्षपेक्षा मोठा. आईने दोन्हीकडचा एकेक क्ष कापला आणि उत्तर मांडले : क्ष पाचापेक्षा मोठा.

“ये रे माझ्या मागल्या,” मुलगी म्हणाली. “कापलास ना परत?”

“दोन्हीकडे होता, कापला. सारखं ते कापायचं, हे कुणी शिकवलं मला?”

“ते आकड्यांचं गं. क्ष कोण आहे, ते कुठे ठाऊक आहे आपल्याला? उणे एक धर. वर्ग किती?”

“एक.”

“पाचपट?”

“उणे पाच.”

“मोठं कोण?”

“एक.”

“म्हणजे उणे एक चालतो. तुझ्या उत्तरात आहे का तो?”

“पोरी, जरा हळू ओरड,” वरच्या पायरीवरचा उमेदवार म्हणाला; तो पाणीपुरवठा केंद्रातला पहारेकरी होता. “माझंही उत्तर तेच आलंय.”

मुलीने सर्व पदे डावीकडे घेतली, उजवीकडे शून्य ठेवले. खाली आडवी रेघ ओढून तिच्यावर, डावी बाजू जिथे शून्य होते ते, शून्य आणि पाच मांडले. पाचाच्या उजवीकडची रेघ ठळक केली आणि खडू आईच्या हातात दिला.

आईने उणे दोन घालून पाहिले. मग उणे दहा. मग उणे शंभर. त्यानंतर तिने शून्याच्या डावीकडची रेघ सावकाश, पायरीच्या कडेपर्यंत, ठळक करत नेली.

“इतके सगळे बसत होते,” ती म्हणाली. “आणि मी एकालाही विचारलं नाही.”

घंटा झाली. मुलीने आईच्या बाहीवरचा खडू झटकला.

“लवकर झाला म्हणून पेपर देऊन उठायचं नाही. तीन तास म्हणजे तीन तास.”

“हो, बाई,” आई म्हणाली. पहारेकरीही “हो, बाई” म्हणाला आणि दोघे आत गेले.

निकाल ऑगस्टमध्ये लागला. आईचे गणित : शंभरपैकी एकोणचाळीस.