कापलेला कोपरा

"ई-सिमच घ्या काका," दुकानदार युवराज म्हणाला. "कार्डाची भानगडच न्हाय. घालायचं न्हाय, काढायचं न्हाय, हरवायचं न्हाय. ताईंना तर लई सोपं पडंल."

तो बोलत होता अण्णारावांशी. फोन घ्यायला आली होती त्यांची मुलगी, शिवप्रिया. पांढरी काठी घडी करून काखेत धरलेली, काउंटरला टेकून ती शांतपणे ऐकत होती. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. नांदेडच्या एका बँकेत तिला नोकरी लागली होती आणि सोमवारी हजर व्हायचं होतं. एकटीनं. आजवरचा तिचा नंबर अण्णारावांच्या नावावर होता. आता तिला स्वतःच्या नावाचा हवा होता, म्हणून बापलेक अणदूरहून सकाळच्या एसटीनं धाराशिवला आले होते.

युवराजचं म्हणणं अण्णारावांना पटलं. नखाएवढं ते कार्ड. परगावात हातातून पडलं तर पोरीनं शोधायचं कसं?

"तेच द्या," ते म्हणाले.

"ते चालू कसं करायचं?" शिवप्रियानं विचारलं.

"क्यूआर कोड येतो ताई. चौकोन असतो. त्याच्यावर कॅमेरा धरला की झालं. मी आत्ता करून देतो की."

"आणि नांदेडात फोन बिघडला, दुसरा घ्यावा लागला, तर?"

"मग मेलवर नवा कोड मागवायचा. तिथं कुणालाबी सांगा, करून देतंय. पाच मिनिटांचं काम."

"कुणालाबी," शिवप्रिया म्हणाली. "म्हणजे माझा फोन, माझा मेल कुणाच्याबी हातात उघडा द्यायचा. न्हाय दादा. ते माझं मला करता येतंय का, तेबी शिकून घेईन. पण आज कार्ड द्या."

"अगं पण पोरी, एवढुसं असतंय ते..." अण्णाराव मधेच म्हणाले.

"अप्पा, मला ठाऊक आहे केवढं असतंय."

युवराजनं खांदे उडवले. कागदपत्रं, फोटो, सगळं उरकलं. मग त्यानं प्लास्टिकच्या चौकटीतून कार्ड मोडून काढलं आणि त्याचा कप्पा उघडायला नव्या फोनला टाचणी लावायला घेतली.

"माझ्या हातात द्या," शिवप्रिया म्हणाली.

युवराजनं अण्णारावांकडं पाहिलं. शेवटी फोन, टाचणी आणि कार्ड तिच्या पुढ्यात आलं.

तिनं फोनच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"ताई, जपून! छिद्रं दोन हायती. माईकच्या छिद्रात टाचणी गेली तर फोन जाईल."

"ज्याच्या शेजारी कप्प्याची चीर बोटाला लागते ते कार्डाचं," ती म्हणाली. अंगठा थांबला. टाचणी आत गेली. इवलासा कप्पा बाहेर आला.

मागं उभी असलेली दोन गिऱ्हाइकं पुढं सरकली. तिनं कार्ड चिमटीत धरलं आणि ते निसटलं. काचेवर टिक् असा आवाज झाला.

अण्णारावांचा हात लगेच पुढं गेला. वीस वर्षं तो असाच जात होता. शाळेच्या पायरीवर, एसटीच्या दारात, ताटातल्या भाकरीपर्यंत.

"अप्पा, थांबा."

हात जागच्या जागी थांबला. कार्ड त्यांना दिसत होतं, वीतभर अंतरावर. ते सांगू शकत होते. त्यांनी ओठ मिटून घेतले, हात मागं घेतला आणि सदऱ्याच्या खिशात कोंबला.

शिवप्रियानं तळवा काचेवर सपाट टेकवला आणि आपल्या बाजूला सावकाश ओढत आणला. कार्ड बोटाखाली आलं. ते उचलून तिनं चारी कोपरे चाचपले. तीन गोल, एक कापलेला. कप्प्यातही तसाच एक कोपरा कापलेला होता. कोपऱ्याला कोपरा लागला, कार्ड बसलं, कप्पा आत गेला. पडद्यावर काय आलंय ते फोन घडाघडा वाचून दाखवायला लागला. इतक्या वेगानं, की अण्णारावांना त्यातला एक शब्द कळेना. ती मात्र मान हलवत ऐकत होती.

"ताई," युवराज म्हणाला. या वेळी तो तिच्याशीच बोलत होता. "नंबर चालू व्हायला तासभर लागंल. तुमच्या फोनवर मेसेज येईल."

"माझी लेक हाय," अण्णाराव मागच्या गिऱ्हाइकाला म्हणाले. त्यानं काही विचारलं नव्हतं.

दोघं बसस्टँडवर येऊन बाकावर बसले. शिवप्रियाच्या कानात वायर होती आणि बोटं पडद्यावर चालली होती. अण्णाराव अणदूरला जायला तुळजापूरच्या गाडीची पाटी शोधत होते. तासाऐवजी दीड तास गेला. मग त्यांच्या खिशातला फोन वाजला. पडद्यावर नाव नव्हतं, नुसताच नंबर होता.

"हॅलो, कोण?"

"शिवप्रिया अण्णाराव बिराजदार बोलतेय. नांदेडहून."

अण्णारावांनी शेजारी पाहिलं. वायर काढून, फोन कानाला धरून ती समोर तोंड करून बसली होती, जरा ताठ. हसू दाबलेलं.

ते बाकावरून उठले. गर्दीतून वाट काढत पार त्या टोकाच्या खांबापाशी गेले. तिच्याकडं पाठ केली, एक कान हातानं झाकला आणि लांबच्या गावाशी बोलावं तसे मोठ्यानं म्हणाले,

"बोला मॅडम, बोला. अण्णाराव बोलायलोय, अणदूरहून."