अर्धा पेला

मालकाने तिन्ही नळ एकदम सोडले. "बघा काका, चोवीस तास पाणी! आज इसार द्या आणि खरेदीखताआधीच दुसरं गिऱ्हाईक गाठा. वरचा नफा तुमचा."

मल्लिनाथचा हा पहिलाच व्यवहार. निवृत्तीचे सगळे पैसे चेकवर लिहून झाले होते, सही तेवढी राहिली होती. घर भाड्याने दिलेलं, भिंती कोरड्या, भाडेकरू जुने. मालक फोनवर बोलत अंगणात गेला, तेव्हा मल्लिनाथला गेल्या वर्षी वारलेली बायको आठवली. संसारात त्यांनी भाड्याची नऊ घरं बदलली. प्रत्येक घर बघताना इंदू तिथल्या बाईकडे प्यायला पाणी मागायची, तहान नसली तरी. तो दारातच संकोचायचा.

आज त्याने मागितलं. भाडेकरू बाई पेला घेऊन आली. तो अर्धाच होता.

"रागावू नका काका," ती हळूच म्हणाली. "टाकी आज तुम्हाला दाखवायला भरलीय. एरवी नळ कोरडेच. पिण्याच्या पाण्याचा टँकर शनिवारी येणार."

त्याने शेवटचा थेंबही टाकला नाही. मालक परत आला, तोवर चेक घडी होऊन खिशात गेला होता. तिचं नाव न घेता तो म्हणाला, "घर छान आहे हो, मलाच झेपायचं नाही."

मालक चरफडत निघून गेल्यावर त्याने तिला हात जोडले. "उपकार झाले, बाई."

"पाण्याचे कसले उपकार?"

"पाणी तुम्ही दिलंत. पण ते मागायला जिनं शिकवलं, तिचे आभार मानायचे राहूनच गेले."